मागून आणलेली पोळी आणि चुलीवरची खीर

इतिहासाच्या ग्रंथात अन्न येते ते दुष्काळाच्या प्रकरणात, नाहीतर शेतसाऱ्याच्या प्रकरणात. पेशवाईतल्या पंगतींची वर्णने मात्र आपल्याकडे मोठ्या चवीने लिहिली गेली आहेत. त्याच काळात त्याच गावांच्या वेशीबाहेर सणाच्या दिवशी काय शिजत होते, किंवा काहीच का शिजत नव्हते, हा प्रश्न प्रस्थापित इतिहासलेखनाला फारसा पडला नाही. मी महाविद्यालयात इतिहास शिकवते आणि मला हा प्रश्न इतिहासाचाच वाटतो. दलित वस्तीत गोड पदार्थ हा नुसता जिभेचा विषय कधीच नव्हता. तो कोणाच्या चुलीवर झाला, कोणाच्या हातून आला, उभ्याने पदरात घेतला की बसून खाल्ला, यावरून माणसाची गावातली जागा कळत असे.

हा लेख तासगाव आणि त्याच्या आसपासच्या वस्त्यांपुरता आहे. त्याला आधार मुख्यतः माझ्या घरातल्या आणि नात्यातल्या बायकांच्या तोंडी आठवणींचा आहे. आज्जीचे शेवटच्या दोन वर्षांतले बोलणे मी फोनवर मुद्रित करून ठेवले आहे. तोंडी आठवण हा पुरावाच नव्हे असे म्हणणारे विद्वान आमच्या क्षेत्रात आहेत. ज्या बायकांना पाटीला हात लावू दिला नाही त्यांच्या रोजनिशा दप्तरात सापडणार नाहीत, एवढे तरी त्यांनी ध्यानात घ्यावे.

तासगाव हे पटवर्धनांचे गाव. परशुरामभाऊ पटवर्धनांनी १७७९ ते १७९९ या वीस वर्षांत येथे गणपतीचे देऊळ उभे केले. त्याचे दक्षिणी घाटाचे सात मजली गोपूर आजही लांबून नजरेत भरते. १८४८ मध्ये हा मुलूख वारसाअभावी खालसा झाला, पुढे सातारा जिल्ह्यात राहिला, १९४९ मध्ये दक्षिण सातारा झाला आणि १९६० पासून सांगली. राज्ये बदलली, जिल्ह्यांची नावे बदलली. ऋषिपंचमीचा रथ आणि त्यावर होणारी गुलाल-पेढ्यांची उधळण मात्र चालत आली. आज्जीचे माहेर तासगावचेच. लहानपणी रथ पुढे गेल्यावर मातीत पडलेला पेढा वेचणाऱ्या पोरांत ती असे. पेढा फुंकायचा आणि तोंडात टाकायचा. "देवाचा म्हनून न्हाय गं, पेढा म्हनून," असे ती सांगायची. एरवी पेढा दृष्टीलाही पडत नव्हता.

आज्जी लग्न होऊन सासरी आली तेव्हा त्या घरात महारकी होती. सांगावा पोचवायचा, साऱ्यासाठी हाका घालायच्या, सरकारी माणसाचे ओझे वाहायचे, मेलेले ढोर ओढायचे. त्याच्या बदल्यात खळ्यावरचे बलुते आणि घरोघरची भाकरी. बिदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्क दिले अशी कथा आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितली गेली आणि सणासुदीचे अन्न त्या हक्कांतच धरले जाई. शब्द 'हक्क' असा होता. पण हक्काची वस्तू घ्यायला कोणी वळचणीला उभे राहून "वाढा माय" म्हणून ओरडत नाही. सांगताना हक्क आणि दारात भीक, अशी ती दुहेरी व्यवस्था होती. या दुहेरीपणाने आपल्या माणसांना फार काळ बांधून ठेवले, कारण त्यात अभिमान बाळगायलाही जागा होती.

येसकराची पाळी ज्या घराकडे असेल त्या घराने मागायला जायचे. होळीला पाळी आली की पणजी पाटी आणि मडके घेऊन निघायची. पाटीत पोळ्या, भाकरी, कुरडया, मडक्यात आमटी. पणजीचे एक वाक्य आज्जी नेहमी सांगे : "बारा घरची आमटी एका मडक्यात. कुणाची आळणी, कुणाची खारट, मडक्यात गेली की समदी एकच." घरी येईपर्यंत पोळ्या गार होऊन चामड्यासारख्या व्हायच्या. मग वाटण्या. पुरण जास्त असलेला तुकडा कोणाला, यावरून जावाजावांत भांडणे. मुले पोळी उलगडून आधी पुरण चाटत आणि पापुद्रा नंतर खात, म्हणजे गोड दोनदा खाल्ल्यासारखे होई.

आपल्या लेखनात या पोळीची लाचारी पुष्कळ आली आहे आणि ती यायलाच हवी होती. परंतु पणजीला ती पोळी आवडत होती, हेही मी येथे लिहून ठेवते. ती मागण्याची शरम वेगळी आणि पुरणाची चव वेगळी सांगे. आपले काही कार्यकर्ते मित्र ही गोष्ट ऐकून अस्वस्थ होतात. भुकेल्या बाईला गोड लागले यात अस्वस्थ होण्यासारखे काय आहे, हे मला समजलेले नाही.

मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचे मांस सोडा, फेकलेले तुकडे सोडा, असे बजावले. १९२८ मध्ये वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक त्यांनी मुंबई कायदे मंडळात मांडले. वतनाची भाकरी ही महाराच्या पायातली बेडी आहे, हे त्यांनी पुन्हा पुन्हा मांडले. दुसऱ्या बाजूला, आपल्या पैशाने गोडधोड केले तर काय होते याचा दाखलाही त्यांनीच नोंदवला आहे. जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची ती १९३६ ची घटना 'जातिप्रथेचे उच्छेदन' वाचलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने आपल्या लोकांना जेवण घातले आणि पानात तूप वाढले. लाठ्या घेतलेला जमाव आला, अन्नाची नासाडी केली आणि जेवणाऱ्यांना मारहाण केली. तूप त्याचे स्वतःचे होते, पैसे त्याचे होते, पाहुणे त्याचे होते. तरी तो गुन्हा ठरला. मागून आणलेली पोळी गावाला चालत होती, विकत घेतलेले तूप चालत नव्हते. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की जातिव्यवस्थेला अन्न नको होते असे नाही, देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली हवा होता, हे दिसते.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धर्मांतर झाले. आमच्या वस्तीने दीक्षा घेतली ती त्यानंतर. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली. पण वस्तीने मागणे थांबवले ते कायद्याची वाट पाहून नव्हे. चावडीसमोर बैठक झाली, येसकरकीची काठी खाली ठेवायची, ढोर ओढायचे नाही, सणाचे मागायचे नाही असे ठरले. ठराव पुरुषांनी केला. तो चुलीपाशी बसून पाळला बायकांनी.

आपल्या चळवळीच्या इतिहासात या भागाकडे दुर्लक्ष झाले आहे. नकार ही आपल्या साहित्याची आणि विचाराची मूळ प्रेरणा आहे असे आपण म्हणतो. त्या नकाराची किंमत रोजच्या हिशेबात कोणी मोजली? त्यानंतरच्या पहिल्या शिमग्याला गावात पोळ्यांचा वास सुटलेला, आणि वस्तीत पोरे आयांच्या पदराला लोंबकळून पोळी मागत होती. घरात हरभऱ्याची डाळ नव्हती, गहू नव्हता. आज्जी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. सासूने विचारले, "आता काय घालायचं ह्यांच्या म्होरं?" आज्जीने सकाळच्या ज्वारीच्या भाकरी कुस्करल्या, काकवी ओतली, जात्याखाली ठेवलेले मूठभर शेंगदाणे कुटून घातले आणि हाताने मळून मुटके वळले. गव्हाच्या चपातीचा मलिदा सर्वांना ठाऊक आहे. हा भाकरीचा मलिदा. आमच्या घरात तुपाशिवाय, गव्हाशिवाय झालेले आणि कोणाच्या दारातून न आलेले पहिले सणाचे गोड ते हेच, असे आज्जी ठामपणे सांगे. चवीला कसा होता म्हणून मी एकदा विचारले. "भुरकट लागायचा. पर कुनी वाढला न्हवता," एवढेच ती म्हणाली.

ती काकवी कोठून आली हे सांगायला हवे. कृष्णाकाठी ऊस जुना. सहकारी साखर कारखाने उभे राहण्यापूर्वी तो गुऱ्हाळात जाई आणि सांगलीची गुळाची पेठ त्यावर चाले. गुऱ्हाळात रस काहिलीत उकळू लागला की मळी वर येते. ती सुटावी म्हणून भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. गूळ धरण्याच्या आधीचा जो घट्टसर पाक, ती काकवी. गूळ केव्हा उतरवायचा हे ठरवणारा गुळव्या हा तिथला राजा. आमचे आजोबा चुलवाणात चिपाडे सारत. आगीची झळ अंगावर घ्यायला त्यांची जात आड येत नव्हती, काहिलीला हात लावायला येत होती. संध्याकाळी मजुरीबरोबर काकवी मिळे, ती वरून लोटक्यात ओतून. ज्या गुळाची ढेप पेठेत तोलून विकली जाई त्यात त्यांचा घाम होता, पण ती ढेप घरात आणायची तर दुकानातून उधारीवर. म्हणून आमच्याकडे गूळ फोडला जात नसे, खरवडला जाई.

धर्मांतराने देव गेले, नैवेद्य गेले, पितरांचे पान गेले. पदार्थांचे काय करायचे, हे बावीस प्रतिज्ञांत नाही. तो निर्णय बायकांनी घेतला. याचे सर्वांत चांगले उदाहरण कडाकण्यांचे आहे. सांगली-कोल्हापूर भागात नवरात्रात घटावर कडाकण्यांची माळ बांधतात. गुळाच्या पाण्यात घट्ट मळलेले पीठ, पातळ लाटून कडकडीत तळलेली पुरी. आमच्या घरात १९५६ नंतर घट बसला नाही. पण धर्मांतराचा दिवस विजयादशमीचाच होता. आज्जीने कडाकण्या ठेवल्या, घट काढला. नऊ दिवसांचे गोड दहाव्या दिवसावर नेले आणि माळ न बांधता कडाकण्या थेट पोरांच्या हातात दिल्या.

आमच्या विहारातली काही तरुण मुले यावर आक्षेप घेतात. हा देवीचा पदार्थ, तो आपण का करावा? त्यांचा मुद्दा मी फेटाळून लावत नाही. जुने खाद्य जुन्या श्रद्धेला मागच्या दाराने आत आणू शकते आणि तसे घडलेली घरेही मी पाहिली आहेत. तरीसुद्धा मला आज्जीची बाजू जास्त पटते. पीठ तिने मळले, तेल तिने रोजगारातून आणले, तर पदार्थ देवीच्या मालकीचा कसा? पुरणपोळीबाबत मात्र तिने उलटा निर्णय घेतला. हातात पैसा आल्यावरही बरीच वर्षे तिने घरात पुरण शिजू दिले नाही. कारण विचारले तर उत्तर देत नसे, पाटीची आठवण नको असावी. पुढे नातवंडांच्या हट्टापुढे तिचे चालले नाही.

१९७२ चा दुष्काळ आमच्या भागातल्या सर्वच बायकांच्या बोलण्यात येतो. तासगावचा पूर्व भाग, कवठेमहांकाळ, जत, आटपाडी हा सगळा पट्टाच अवर्षणाचा. खडी फोडायच्या कामावर आज्जी दोन वर्षे होती. खायला अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो, आणि कामावर वाटली जाणारी सुकडी. सुकडी म्हणजे गोडसर, कोरडी पूड. कित्येक पोरांनी आयुष्यात रोज गोड खाल्ले ते याच एका काळात, हा त्या दुष्काळाचा विलक्षण विरोधाभास होता. आज्जी आपल्या वाट्याची सुकडी कामावर खात नसे. ओच्यात बांधून घरी आणायची, पाण्याचा हात लावून लाडू वळायची. पोरांना तळहातावर पूड द्यायची नाही, वस्तू करून द्यायची, असा तिचा हट्ट. ओळीत सर्व जातींच्या बायका होत्या आणि सुकडी सगळ्यांच्या ओच्यात सारखीच पडत होती, हेही ती आवर्जून सांगे. पाण्याच्या ठिकाणी मात्र ओळी पुन्हा वेगळ्या होत. काम मागणाऱ्याला काम देण्याची रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची आणि तिचा पहिला प्रयोग याच तासगाव तालुक्यातल्या विसापूरचा. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्या कायद्याच्या इतिहासात ओच्यातल्या लाडूला स्थान नाही, माझ्या वर्गात मी ते देते.

दुष्काळाच्या तोंडावरच, १९७० मध्ये, कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' प्रसिद्ध झाले. कमलाबाई जन्माने कुंडलच्या, म्हणजे तासगावहून जवळच्याच. वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाक शिकवणारे ते पुस्तक मराठी मध्यमवर्गाच्या घराघरात गेले आणि ते उपयोगी पुस्तक आहे, मीही वापरते. परंतु वाटीचे माप हे भरलेल्या डब्याचे माप आहे. आज्जीचे माप ओंजळ, मूठ, चिमूट. किती घ्यायचे हे पदार्थ ठरवत नसे, गाडग्यात काय उरले आहे ते ठरवी. तिला एकदा मी खिरीचे प्रमाण विचारले. "गहू हाय तेवढं घे, गूळ पुरंल तेवढा घाल," असे उत्तर मिळाले. ही पाककृती छापता येत नाही. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांचे ताट ग्रंथात आणले. कृष्णाकाठच्या वस्त्यांसाठी तसे काम व्हायला हवे. त्यासाठी मांगवाड्यातल्या, रामोशी आणि कैकाडी वस्तीतल्या बायकांकडे जावे लागेल. एका जातीच्या चुलीवरून सगळ्यांचा इतिहास सांगण्याची चूक आपण तरी करू नये.

माझ्या आईच्या पिढीत द्राक्ष आले. बोरगावात निवडलेली 'तास-ए-गणेश' ही जात नावारूपाला आली, पाठोपाठ बेदाण्याचा धंदा वाढला, तासगावचे बेदाण्याचे सौदे लांबवर माहीत झाले. २०१६ मध्ये सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. उन्हाळ्यात रॅकच्या जाळीवर घड पसरायचे, वाळलेला माल झाडायचा, काड्या मोडायच्या, दाणा निवडायचा. ही कामे मोठ्या प्रमाणावर बायकांची. गंधकाच्या धुरीने घसा धरतो. आई दहा-बारा उन्हाळे या कामावर गेली. काळा पडलेला, फुटका दाणा कधी ओंजळभर मिळे आणि तो आमच्या शिऱ्यात पडे. माझ्या लहानपणी शिऱ्यातला बेदाणा काळाच असतो अशी माझी समजूत होती. हिरवा, लांबट, एकसारखा दाणा मी प्रथम पाहिला तो एका लग्नाच्या पंगतीत.

मी नोकरीला लागले तेव्हा आईने रव्याचे लाडू केले आणि त्यात मुद्दाम विकत आणलेला हिरवा बेदाणा घातला. पाव किलोच, पण एक नंबरचा. ज्या संस्थेत मी प्रथम रुजू झाले तिचे नाव येथे देत नाही. शिक्षक-कक्षात डबा फिरला. बहुतेकांनी लाडू घेतला, अभिनंदन केले. तिघांनी "घरी नेतो" म्हणून कागदात गुंडाळून घेतला. संध्याकाळी तिन्ही पुड्या खिडकीच्या कठड्यावर तशाच होत्या. चकवाऱ्यात लाठ्या होत्या, येथे कागदाच्या पुड्या, पण फरक पुष्कळ आहे. माझा पगार कोणी थांबवला नाही आणि अंगावर कोणी हात टाकला नाही. तो फरक ज्या चळवळीने घडवला तिचे ऋण मी जाणते. पुड्या मी परत घरी आणल्या. आईला डबा रिकामा दाखवला आणि ते तीन लाडू वाटेत बसस्टँडवर खाल्ले. लाडू चांगले झाले होते.

वैशाख पौर्णिमेला आमच्या विहारात आता खीर होते. सुजातेच्या खिरीची कथा आपण सर्व जाणतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी ती सांगितली आहे. देहदंडाचा मार्ग निष्फळ आहे हे ओळखून गौतमाने तो सोडला आणि सुजातेने आणलेले अन्न ग्रहण केले. आमच्या बायकांना ही कथा तत्त्वज्ञान म्हणून समजावून सांगावी लागली नाही. उपास हे पुण्य नसते, हे त्यांना आधीपासून ठाऊक होते. गोड अन्न बाई देते, घेणारा ते आदराने घेतो आणि खाली बसून खातो, हे मात्र त्यांनी नव्याने ऐकले.

खीर खपली गव्हाची. पूर्वी या गव्हासाठी सुगीनंतर सरवा वेचावा लागे, आता तो विकत येतो आणि साध्या गव्हापेक्षा महाग पडतो. गहू ओलवून उखळात कांडायचा, कोंडा पाखडायचा, भिजवून शिजत ठेवायचा. गूळ शेवटी. गूळ आधी पडला तर दाणा कितीही जाळ लावला तरी मऊ होत नाही. दूध घालायचे ते खीर निवल्यावर, नाहीतर फाटते. सुंठ, खसखस, आणि आता मूठभर हिरवा बेदाणा. कांडायला पाच घरच्या बायका लागतात. गेल्या पौर्णिमेच्या आधी विहाराच्या बैठकीत एका मुलाने आचाऱ्याला सांगून बासुंदी मागवावी असे सुचवले. वर्गणी पुरत होती, आचारीही ओळखीचा होता. पुरुषांनी मान डोलावली. बायकांनी ऐकून घेतले आणि उखळ कोणाकडे आहे याची चौकशी सुरू केली. शेवटी दोन्ही झाले. बासुंदीचे पातेले दुपारपर्यंत पुरले, खिरीचे त्याआधीच संपले, आणि उशिरा आलेल्या पलूसच्या पाहुण्यांना बासुंदी वाढावी लागली म्हणून माझी चुलती अजून कुरकुरते आहे.